गाव दूर, स्टेशन ‘रोड’वर

किल्लारीला रेल्वे नाही, हे ऐकून बाहेरच्या माणसाला नवल वाटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमच्या गावाचे नाव जगभर गेले; रेल्वेच्या वेळापत्रकात मात्र ते कधी आले नाही. लातूर चाळीसेक किलोमीटर, तेही एसटीने. लातूरहून गुलबर्ग्याकडे रेल्वे न्यावी ही मागणी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. निवडणूक जवळ आली की ती जागी होते आणि निकाल लागला की पुन्हा झोपी जाते. तोवर आम्हा किल्लारीकरांची रेल्वे म्हणजे औशाच्या पलीकडून जाणारा लातूर–कुर्डुवाडी मार्ग आणि त्यावरची लहानसहान स्टेशने.

गेल्या डिसेंबरात अम्मींना घेऊन मामूंकडे बार्शीला जायचे होते. अम्मी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. एसटीत पंच्याहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे आणि बायकांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट. नुसत्या पैशांचा हिशोब मांडला तर रेल्वेचे नावही काढू नये. पण अम्मींचे गुडघे गेलेले, साखरेची गोळी चालू, तासाभरात एकदा तरी उठावे लागते. एसटी दर तासाला कुणासाठी थांबणार? रेल्वेच्या डब्यात संडास असतो. या एका गोष्टीसाठी आम्ही आदल्या संध्याकाळी किल्लारीहून औसा, तिथून जीप, असे करत स्टेशनजवळच्या गावात खालाच्या घरी मुक्कामाला गेलो. बरोबर नववीत शिकणारा माझा भाचा होता.

त्या स्टेशनचे नाव मी लिहीत नाही. अशी स्टेशने पुष्कळ आहेत आणि वाचणाऱ्या प्रत्येक घराला आपापले एक आठवेल.

पहाटे साडेपाचला पोहोचलो तेव्हा चार खांबांपैकी एकावरचा दिवा लागलेला होता. सिमेंटचे बाक दवाने ओले. महिलांच्या शौचालयाला कुलूप. ड्यूटीवरच्या माणसाला विचारले तर म्हणाला, “किल्ली साहेबांकडे असते, साहेब आठला येतात.” आमची गाडी सव्वासहाची. हातपंपाचा दांडा वरखाली होत होता, पाणी येत नव्हते. त्या माणसाला वाईट वाटले असावे. “चाची, माझ्या बाटलीतले पाणी घ्या,” म्हणाला. अम्मींनी दुआ दिली, बाटली घेतली नाही. नंतर मला हळूच म्हणाल्या, “रात्रीपासून प्यायलेच नाही मी. प्यायले तर जायचे कुठे?”

भगिनींनो, हे वाक्य तुमच्यापैकी कितीजणींनी स्वतः उच्चारले असेल! प्रवासाच्या आधी पाणी तोडायचे, ही आपल्या घरांत आईने मुलीला शिकवलेली रीतच झाली आहे. मधुमेह असलेल्या बाईने पाणी तोडणे किती वाईट, लघवी तुंबवून ठेवल्याने जंतुसंसर्ग कसा होतो, हे डॉक्टर सांगतात. पण डॉक्टरांच्या सल्ल्याला कुलूप उघडता येत नाही.

फज्रची वेळ झाली. आमच्याकडे एकच बाटली उरलेली, ती औषधापुरती. प्यायला पाणी कमी पडेल तर तयम्मुमची सवलत आहेच. अम्मींनी तयम्मुम केला, बाकावर बसून नमाज अदा केली. मी पाहत होते आणि एक गोष्ट मनातून जात नव्हती. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पाणी नव्हते तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी याच रुळांवरून गेली होती. पहिल्या खेपेला दहा टाक्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. पुढे पन्नास टाक्यांची गाडी झाली. देशभरच्या वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. त्याच रुळांच्या काठी एका मुसाफिराला वजूपुरते पाणी नव्हते.

गाडी आली. बायकांचा डबा शेवटी, गार्डच्या बाजूला. लहान स्टेशनचा फलाट आखूड, त्यामुळे हा शेवटचा डबा फलाट सोडून खडीवर उभा राहिला. दिव्यांगांसाठीची जागाही बहुतेक गाड्यांत याच टोकाच्या डब्यात असते. ज्यांना चढणे सर्वांत अवघड, त्यांचाच डबा नेमका फलाटाबाहेर! भाच्याने वरून हात धरला, मी खालून आधार दिला, एका अनोळखी भावाने कोपराला धरून वर ओढले. एक चप्पल खाली पडली ती पडलीच. आत बसल्यावर श्वास लागलेल्या अम्मी म्हणाल्या, “सफा-मरवाच्या फेऱ्या बऱ्या होत्या ग बेटी, तिथे पायाखाली फरशी तरी होती.” उमऱ्याला जाऊन आल्यापासून त्यांना प्रत्येक त्रासाची तुलना तिथल्याशी करायची सवय लागली आहे.

हसलो आम्ही. पण घरी परतल्यावर या स्टेशनांची माहिती काढत बसले.

छोटी गाडी, बुटके डबे

आपल्या भागातल्या कितीतरी स्टेशनांच्या नावापुढे ‘रोड’ लागतो. लातूर रोड, औसा रोड, कळंब रोड. कुर्डुवाडीचे जुने नावही बार्शी रोडच. या ‘रोड’चा अर्थ असा की गावाला जायचे असेल तर इथे उतरा आणि पुढची वाट धरा. लातूर रोड आणि लातूर शहर यांच्यात तीसेक किलोमीटरचे अंतर आहे. नवख्या माणसाने लातूर समजून लातूर रोडला उतरायचे आणि रात्र काढायची, असे किस्से प्रत्येक घरात आहेत.

हा कुर्डुवाडीचा मार्ग मुळात बार्शी लाइट रेल्वेचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने अडीच फूट रुंदीच्या रुळांवर ही रेल्वे उभी केली. १८९७ मध्ये ती बार्शीपर्यंत आली, १९०७ मध्ये तडवळ्यापर्यंत, आणि १९११ मध्ये निजामाच्या राज्यातल्या लातूरपर्यंत. १९५४ मध्ये ती सरकारने घेतली. आमच्या दादी या गाडीला ‘छोटी गाडी’ म्हणत. धावत्या गाडीतून उतरून, शेंगा घेऊन पुन्हा चढता येते, अशी तिची ख्याती होती. ती खरी की गमतीची कोण जाणे, पण डबे बुटके होते आणि जमिनीवरून पाय उचलला की माणूस आत, हे जुने लोक आवर्जून सांगतात. स्टेशनही तसेच: एक खोली, एक लिंब, एक पाण्याचा रांजण.

पुढे रुंद रूळ आले. लातूर–उस्मानाबाद टप्पा सप्टेंबर २००७ मध्ये आणि उस्मानाबाद–कुर्डुवाडी ऑक्टोबर २००८ मध्ये सुरू झाला. आता ज्याला धाराशिव म्हणतात ते उस्मानाबाद शहर छोट्या गाडीच्या मार्गावर नव्हतेच. रुंदीकरणात मार्ग वळवून ते जोडले गेले. मुंबईची थेट गाडी मिळाली. मोठा फायदा झाला, यात शंका नाही. लातूर शहरात ‘जुनी रेल्वे लाईन’ हे आता बाजाराच्या भागाचे नाव उरले आहे.

पण एक गोष्ट कुणी बोलत नाही. रुंद रुळांवरच्या डब्याची जमीन रुळापासून सुमारे सव्वा मीटर उंच असते. मोठ्या स्टेशनचा उंच फलाट असतो ८४ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे उरलेला फरक एका पायरीचा. लहान स्टेशनला मध्यम उंचीचा, साडेपंचेचाळीस सेंटिमीटरचा फलाट मिळतो, नाहीतर रुळाच्या पातळीवरचाच. हॉल्टला तर नियमानेच रुळाच्या पातळीचा फलाट पुरेसा मानला जातो. मग लोखंडी पायऱ्यांना लोंबकळत वर चढायचे, दोन मिनिटांत, साडी किंवा बुरखा सांभाळत, कडेवर मूल असेल तर ते आधी दुसऱ्याच्या हाती देऊन. गाडी मोठी झाली, स्टेशन मागे राहिले.

याच मार्गावर हरंगुळला रेल्वेचे डबे बनवण्याचा कारखाना आहे. २०१८ मध्ये त्याची पायाभरणी झाली. नव्या डब्यांचे कौतुक आम्हालाही आहे. त्यात चढायचे कसे, एवढाच प्रश्न आहे.

नियमात काय मिळते

किल्लारी परिसरातल्या लोकांना ‘श्रेणी’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवली तेव्हा घरे जमिनीच्या हिशोबाने मिळाली. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. ज्याचे आधी कमी, त्याला नंतरही कमी. रेल्वेचे स्टेशनांबाबतचे गणित साधारण याच चालीचे आहे.

२०१७ च्या अखेरीस रेल्वेने स्टेशनांची नवी वर्गवारी केली. उपनगरी, बिगर-उपनगरी आणि हॉल्ट असे तीन गट, आणि त्यांत कमाई व प्रवासी यांवरून पायऱ्या. बिगर-उपनगरी स्टेशनांत सर्वांत खालची पायरी ‘एनएसजी-६’. तिथली वर्षाची कमाई एक कोटीपर्यंत. हॉल्टमध्ये सर्वांत खालची ‘एचजी-३’: कमाई वर्षाला पाच लाखांपर्यंत, प्रवासी एक लाखापर्यंत. पाच लाखांना ३६५ ने भागून पाहा. दिवसाला पावणेचौदाशे रुपयेही होत नाहीत. हॉल्टवर रेल्वेचा पगारी माणूस सहसा नसतो. कमिशनवर तिकिटे विकणारा एजंट असतो. तो जवळच्या मोठ्या स्टेशनातून तिकिटे आणतो आणि गाडीच्या वेळेपुरता येतो.

तरीही एक बाब प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. रेल्वेने सोयींचे तीन स्तर केले आहेत: किमान आवश्यक, शिफारस केलेल्या आणि इष्ट. यातल्या ‘किमान आवश्यक’ सोयी प्रत्येक स्टेशनला द्यायच्याच असतात, कमाई कितीही कमी असो. पिण्याचे पाणी, बसायला जागा, सावली (नियमात सावलीची झाडेही चालतात), रात्री गाडी थांबत असेल तर उजेड, तिकिटाची सोय, वेळापत्रकाचा फलक. स्टेशन लहान तशी संख्या घटते, शौचालयाची अटही हलकी होत जाते. पण पाणी आणि उजेड यांना सुटका नाही. शिवाय २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा रेल्वे स्थानकांनाही लागू आहे.

म्हणजे बंद हातपंप पाहून आपण जे ‘काय करणार, खेडे आहे’ म्हणतो, ते चुकीचे आहे. ती मेहेरबानी नाही, नियमाने मिळायची वस्तू आहे. मुसाफिराला शरीयतने नमाजेत कसर दिली, रोजा पुढे ढकलण्याची मुभा दिली, कारण प्रवास हाच एक त्रास आहे हे मानले. जुन्या लोकांनी सराया बांधल्या, विहिरी खोदल्या. आपल्याकडे स्टेशनच्या प्रतीक्षागृहाला ‘मुसाफिरखाना’ म्हणत. तो शब्द गेला आणि त्याबरोबर रांजणही गेला.

प्रवासी कमी की तिकिटे कमी?

रेल्वेचे म्हणणे ऐकले तर त्यात तथ्य आहे. दिवसाला वीस माणसे चढत असतील तिथे किती खर्च करायचा? पण वीस माणसेच का चढतात? गाडी अवेळी, स्टेशन अंधारात, शौचालयाला कुलूप, म्हणून बायका आणि म्हातारी माणसे एसटीकडे वळतात. ती वळली की आकडा आणखी घसरतो. आकडा घसरला की सोय घटते.

कोरोनाने या घसरणीला मोठा धक्का दिला. मार्च २०२० मध्ये साऱ्या प्रवासी गाड्या थांबल्या. पॅसेंजर परत आल्या त्या ‘स्पेशल एक्सप्रेस’ होऊन: कमीत कमी भाडे दहा रुपयांऐवजी तीस. दोन स्टेशनांमधल्या मजुराला, कॉलेजच्या पोराला हे परवडणारे नव्हते. देशभर कितीतरी लहान स्टेशनांवरचे थांबेही गेले. भाडे पुन्हा दहावर आले ते फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस. चार वर्षांत माणसांच्या सवयी बदलतात. मोटारसायकली घेतल्या जातात. ज्येष्ठांची सवलत तेव्हा बंद झाली ती परत आलीच नाही. अम्मींसारख्या बाईला पूर्वी अर्धे तिकीट पडे.

या हिशोबात आपलाही एक वाटा आहे आणि तो लपवून चालणार नाही. लहान स्टेशनवर चढणारे अनेकजण तिकीट काढतच नाहीत. ‘इथे कोण तपासतो?’ दीनदार म्हणवणारी, हराम-हलालची बारीक चौकशी करणारी माणसेही बिनतिकीट बसलेली मी पाहिली आहेत. दुसरे काहीजण तिकीट काढतात, पण लातूरचे काढतात आणि चढतात आधीच्या किंवा पुढच्या स्टेशनवर. तिकीट ज्या स्टेशनवरून काढले त्याच्या खात्यात प्रवासी मोजला जातो. तुम्ही वर्षभर आपल्या गावच्या स्टेशनवर चढलात आणि तिकिटे लातूरची काढलीत, तर कागदावर तुमचे स्टेशन ओस आहे. मग पंप दुरुस्तीचा अर्ज गेला की उत्तर ठरलेले.

तेलंगणात वरंगल जिल्ह्यात नेकोंडा नावाचे गाव आहे. तिथे एका एक्सप्रेसला थांबा मिळाला, पण कमाई ठरल्याइतकी झाली नाही तर तो काढून घेतला जाईल, असे कळले. गावकऱ्यांनी वॉट्सॲपवर गट केला, वर्गणी जमवली आणि प्रवास न करताच रोज तिकिटे विकत घ्यायला सुरुवात केली. २०२४ च्या जानेवारीत ही बातमी सगळीकडे आली. आमच्या घरात यावर वाद झाला. भाचा म्हणाला, आपणही करू. अम्मी म्हणाल्या, न वापरता फेकायचे तिकीट म्हणजे इसराफ. मला अम्मींचे पटते. जे प्रवास आपण खरोखर करतो त्यांची तिकिटे त्याच स्टेशनवरून काढली, तरी आकडा बराच वर जाईल. खिडकी बंद असेल तर मोबाइलवरून अनारक्षित तिकीट काढता येते. त्यात चढण्याचे स्टेशन आपलेच निवडावे, एवढेच.

अर्ज कुठे करायचा

इथे आपल्या भागाची एक वेगळी अडचण आहे. लातूर, हरंगुळ, औसा रोड हा मार्ग मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात येतो. त्याच जिल्ह्यातले लातूर रोड आणि उदगीर दक्षिण मध्य रेल्वेच्या सिकंदराबाद विभागात. नांदेडचा विभाग वेगळा, तो २००३ मध्ये झाला. जिल्हा एक, पण अर्ज कुठल्या गावाला जायचा ते स्टेशनवर अवलंबून. चुकीच्या कार्यालयात गेलेला कागद फिरत राहतो. म्हणून आधी स्टेशन कोणत्या विभागात आहे ते विचारून घ्यावे, आणि अर्ज त्या विभागाच्या व्यवस्थापकांच्या नावे करावा.

तातडीची तक्रार १३९ या क्रमांकावर किंवा ‘रेलमदद’ ॲपवर करता येते. मी तेच केले. स्टेशनचे नाव, तारीख, वेळ आणि बंद पंपाचे छायाचित्र. ‘सोयी नाहीत’ असे मोघम लिहिले तर उत्तरही मोघम येते. ‘फलाटावरचा हातपंप बंद, महिलांच्या शौचालयाला पहाटे कुलूप, चारपैकी तीन दिवे बंद’ असे लिहिले की कुणाला तरी त्यावर काम करावे लागते. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवला. त्यानंतर खालाच्या गावात घरोघरी फिरून आम्ही एक अर्ज तयार केला. सह्या बहुतेक बायकांच्या. पोस्टात काम करणाऱ्या एका भाभींनी सांगितले की प्रत्येक सहीपुढे महिन्यातून किती वेळा प्रवास करता ते लिहा. ही युक्ती मला सुचली नसती. लमाण तांड्यावरच्या बायकांनी अंगठे दिले. ऊसतोडीला जाताना-येताना त्यांची सगळी बाडबिस्तरे याच स्टेशनवर पडलेली असतात. अर्जाची एक प्रत खासदारांच्या कार्यालयात दिली, कारण खासदार निधीतून स्टेशनवर प्रवासी सोयी करता येतात. विभागीय पातळीवर प्रवाशांच्या सल्लागार समित्याही असतात. त्यांत आपल्या लोकांची नावे शोधली तर फारशी दिसत नाहीत. व्यापारी, वकील, शिक्षक असलेल्या आपल्या भावांनी इकडे लक्ष द्यायला हवे. बहिणींनी तर अधिकच, कारण कुलूप कुठल्या दाराला आहे हे पुरुषाला चटकन दिसत नाही.

अमृत भारत योजनेत लातूर आणि उस्मानाबाद ही स्टेशने आली आहेत, तिथे नव्या इमारती होतील. होऊ देत. पण लातूर स्टेशनवर लिफ्ट बसल्याने लहान स्टेशनवरच्या खडीत उभ्या राहिलेल्या बाईचा पाय डब्याच्या पायरीपर्यंत पोहोचत नाही. तिला चार ओळी फलाट लांब हवा, एक उंचवटा हवा, आणि किल्ली ड्यूटीवरच्या माणसाकडे हवी. यातल्या शेवटच्या गोष्टीला एक रुपयाही लागत नाही.

आमच्या अर्जानंतर हातपंप दुरुस्त झाला. आणखी दोन खांबांवर दिवे लागले. फलाटाबाबत ‘नोंद घेतली आहे’ असे पत्र आले.

पुढच्या महिन्यात मामूंच्या नातीचा निकाह आहे. एसटी की रेल्वे, असे अम्मी रोज विचारतात. परवा त्या ड्यूटीवरच्या माणसाला फोन लावला आणि कुलपाचे विचारले. “निघाले, मॅडम. किल्ली आता आमच्याकडेच असते,” तो म्हणाला. “आत नळाला पाणी नाही अजून. चाची येणार असतील तर आदल्या दिवशी सांगा, मी पंपावरून बादली भरून ठेवतो.”